आवाजावर तापणारे पाणी आणि बंबाचा धूर

डिसेंबर सरत आला, धुळ्याचा पारा आठ अंशांच्या खाली उतरला की खान्देशातल्या दवाखान्यांत काही ओळखीचे रुग्ण दिसू लागतात. पहाटे अंगणातला बंब पेटवताना धुराने दम लागलेली साठीतली बाई. बादलीत रॉड चालू असतानाच हात घालून शॉक बसलेला, नाहीतर कढत पाणी अंगावर सांडून भाजलेला मुलगा. बंद न्हाणीघरात गॅस गिझर सुरू असताना बेशुद्ध पडलेली तरुणी. आणि बाळंतिणीच्या बाजेखालच्या शेगडीच्या धुराने खोकणारे तान्हे बाळ. आजार वेगळे, उपचार करणारे विभागही वेगळे; पण या सगळ्यांमागची गरज एकच आहे. ऊब आणि गरम पाणी.

याच गरजेसाठी युरोपात एका वेगळ्याच यंत्रावर काम सुरू आहे. ध्वनिलहरींच्या साह्याने उष्णता एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेणारा पंप. नेदरलँड्समधील ब्लूहार्ट एनर्जी आणि फ्रान्समधील इक्वियम या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत घरे आणि पाणी तापवण्यासाठी असे पंप विकसित करायला घेतले. ‘आवाजावर पाणी तापणार’ असे ऐकले की कोणालाही कुतूहल वाटते. पण जळगाव-धुळ्याच्या वाचकाला यातून काय मिळणार, हे तपासायचे तर आधी हा प्रकार काय आहे ते पाहावे लागेल आणि मग आपल्या न्हाणीघराचा हिशेब मांडावा लागेल.

उष्णता ‘तयार’ करणे आणि ‘वाहणे’

बंब, रॉड, साधा गिझर या सगळ्यांत आपण उष्णता नव्याने तयार करतो. लाकूड जाळतो, गॅस जाळतो किंवा तारेतून वीज सोडून ती तापवतो. रॉडमध्ये एक युनिट वीज घातली तर जास्तीत जास्त एक युनिट उष्णता मिळते, त्याहून अधिक नाही.

उष्णतेचा पंप, म्हणजे हीट पंप, वेगळ्या रीतीने चालतो. आपल्या घरातला फ्रिज हा एक हीट पंपच आहे. तो आतल्या भाजीपाल्यातली उष्णता काढून मागच्या जाळीतून स्वयंपाकघरात सोडतो. म्हणून फ्रिजची मागची बाजू गरम लागते. हाच फ्रिज उलटा वापरला, बाहेरच्या हवेतली उष्णता काढून पाण्यात सोडली, की पाणी तापते. यात वीज फक्त वाहतुकीपुरती लागते. आपल्याकडच्या उबदार हवेत असा पंप एक युनिट विजेवर साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात पोहोचवतो. हॉटेले, वसतिगृहे, मोठी रुग्णालये यांत असे पंप भारतातही वापरात आहेत. त्यात गारवा देणारा वायू आणि तो दाबणारा कॉम्प्रेसर असतो, अगदी एसीसारखा.

ध्वनीचा पंप या कॉम्प्रेसरच्या जागी आवाज वापरतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे नळकांडे गरम होते, हे सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते, पसरली की गार होते. आवाज म्हणजे तरी काय? हवा क्षणोक्षणी दाबली जाते आणि सैल होते, तीच लहर कानापर्यंत येते. म्हणजे आपण बोलतो तेव्हाही समोरची हवा तापत आणि निवत असते. फक्त हा फरक अंशाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने जाणवत नाही. आता साध्या हवेऐवजी हेलियम वायू घ्यावा, तो पोलादी नळीत दाबाने भरावा आणि आत इतका प्रचंड आवाज करावा की वायूचा दाब दहा टक्क्यांनी वर-खाली व्हावा. मग प्रत्येक लहरीबरोबर वायूचे तापमान सुमारे बारा अंशांनी वर-खाली होते.

या नळीत बारीक छिद्रांचा किंवा पातळ पत्र्यांचा एक गठ्ठा बसवलेला असतो. वायूचा प्रत्येक कण पत्र्याच्या कडेने थोडासा पुढे सरकतो, दाबला जाऊन तापतो आणि आपली उष्णता पत्र्याला देतो. मागे येतो, पसरून गार होतो आणि तिथली उष्णता उचलतो. आग लागल्यावर गावकरी विहिरीपासून घरापर्यंत रांग लावून हातोहात बादल्या पुढे देतात, तसाच हा प्रकार. एकही माणूस जागा सोडत नाही, पण पाणी पुढे पोहोचते. एका टोकाला उष्णता जमते, ती पाण्याला देता येते. दुसरे टोक गार पडते, तिथे बाहेरच्या हवेची उष्णता आत घेतली जाते.

दीडशे वर्षांची जुनी गोष्ट

ही कल्पना आजची नाही. काच फुंकणाऱ्या कारागिरांना फार पूर्वीपासून माहीत होते की तापलेला काचेचा फुगा आणि गार नळी जोडलेली असली की नळी आपोआप गुणगुणते. १८५० मध्ये सोंडहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला आणि १८७८ मध्ये लॉर्ड रॅले यांनी त्याचे कारण सांगितले. उष्णतेपासून आवाज होतो, हे तेव्हा कळले. त्याच्या उलट, आवाजाने उष्णता हलवता येते, याचे नेमके गणित स्वित्झर्लंडमधील निकोलाउस रॉट यांनी १९६९ पासून मांडले. १९८०च्या दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत जॉन व्हीटली आणि ग्रेग स्विफ्ट यांनी त्यावरून यंत्रे बनवली. जानेवारी १९९२ मध्ये ‘डिस्कव्हरी’ या अंतराळयानातून आवाजावर चालणारा एक छोटा फ्रिज अवकाशात जाऊन आला. २००४ मध्ये अमेरिकेत एका आइस्क्रीम कंपनीसाठी पेन स्टेट विद्यापीठाने असाच शीतकप्पा तयार करून दाखवला.

याच कुळातले ‘पल्स ट्यूब’ नावाचे शीतयंत्र आज प्रत्यक्ष सेवेत आहे. जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीतील एका उपकरणाला अतिथंड ठेवण्याच्या कामात ते वापरले आहे. मुंबईच्या आयआयटीतही या यंत्रांवर अनेक वर्षे संशोधन झाले आहे. म्हणजे विज्ञान पक्के आहे, अडचण आहे ती स्वस्तात, टिकाऊ आणि घरगुती यंत्र बनवण्याची.

चुलीलाही याच शास्त्राने हात लावून पाहिला. २००७ मध्ये ब्रिटनमधील नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘स्कोअर’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. चुलीच्या उष्णतेवर आवाज निर्माण करायचा, त्या आवाजावर थोडी वीज बनवायची आणि धूरही कमी करायचा, अशी गरीब देशांतल्या घरांसाठी ती योजना होती. प्रयोगशाळेत नमुने चालले. घरोघरी मात्र ती चूल पोहोचली नाही. आवाजाच्या पंपाकडे पाहताना हा अनुभव विसरू नये.

युरोपला घाई का?

युरोपातली घरे हिवाळाभर गॅसवर तापतात. तो गॅस कमी करायचा असल्याने तिथे हीट पंपांवर मोठा भर आहे. पण साध्या हीट पंपात वापरले जाणारे काही वायू पृथ्वीच्या तापमानवाढीला मोठा हातभार लावतात. आर-१३४ए हा वायू गळला तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट, तर आर-४१०ए सुमारे २०८८ पट उष्णता रोखतो. युरोपीय संघाने २०२४च्या नियमावलीने हे वायू २०५० पर्यंत पूर्ण बंद करायचे ठरवले आहे. त्यांना पर्याय असलेला प्रोपेन चांगला चालतो, पण तो पेट घेतो. हेलियम ना पेटतो, ना तापमान वाढवतो. म्हणून ध्वनीच्या पंपाकडे ओढा आहे.

हा प्रश्न भारताचाही आहे. २०१६च्या किगाली कराराला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून या वायूंचा वापर ठरलेल्या पातळीवर गोठवायचा आहे, २०३२ पासून कपात सुरू करायची आहे आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. त्यामुळे पुढच्या वीस वर्षांत आपल्या घरातला एसी, फ्रिज आणि हीट पंप या सगळ्यांतला वायू बदलणार, हे नक्की.

ध्वनीच्या पंपाच्या उणिवाही आहेत. पहिली आवाजाची. नळीच्या आत दीडशे डेसिबलहून कितीतरी मोठा आवाज असतो. रोज आठ तास ८५ डेसिबल ऐकूनही कानाला कायमची इजा होऊ शकते. हा आवाज जाड पोलादात बंद असल्याने बाहेर थोडाच येतो, पण यंत्राची थरथर भिंतीपर्यंत जाऊ नये यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. दुसरी उणीव हेलियमची. एमआरआय यंत्राला लागणारा हा वायू भारताला आयात करावा लागतो आणि तो बारीक फटीतूनही निसटतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की तापमानाचा फरक थोडा असेल तिथे विजेच्या बचतीत साधा कॉम्प्रेसरवाला पंप अजून पुढे आहे. ध्वनीचा पंप चमकतो तो फरक मोठा असतो तिथे.

खान्देशचा फरक किती?

इथेच जळगाव-धुळ्याचा हिशेब युरोपपेक्षा वेगळा होतो. उष्णता जितकी उंच चढवायची, तितके पंपाचे श्रम अधिक. युरोपात बाहेर शून्य अंश असताना पाणी ५५ अंशांवर न्यायचे असते. निसर्गनियमाने शक्य असलेले सर्वोत्तम यंत्र तिथे एका युनिटला सहा युनिट उष्णता देऊ शकेल. खान्देशात हिवाळ्यातली पहाट बोचरी असली तरी दुपारी हवा तीस अंशांच्या आसपास जाते. त्या वेळी पंप चालवला तर तेच आदर्श यंत्र तेरा युनिटांपर्यंत जाते. खरी यंत्रे या आकड्यांच्या बरीच खाली राहतात, पण प्रमाण हेच. म्हणजे पहाटे पाणी तापवण्याऐवजी दुपारी तापवून चांगल्या आवरणाच्या टाकीत ठेवले, तर निम्मे काम खान्देशचे ऊनच करून टाकते.

पाच माणसांच्या घरात आंघोळीला शंभर लिटर पाणी लागते असे धरू. ते वीस अंशांवरून ४२ अंशांवर न्यायला सुमारे अडीच युनिट उष्णता लागते. रॉडला तेवढीच वीज, साध्या हीट पंपाला एक युनिटाहून कमी. बंबात जळणाच्या उष्णतेचा पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो असे मानले, तर रोज तीन किलोच्या आसपास वाळकी लाकडे, तुराट्या किंवा पऱ्हाट्या जाळाव्या लागतात. हिवाळ्याच्या चार महिन्यांत एका घराचे हे जळण साडेतीन क्विंटलच्या पुढे जाते. एवढ्याचा धूर कोणाच्या छातीत जातो, हे सांगायला नको.

विजेची बाजूही पाहावी. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक विजेत उतरतो. बाकीची उष्णता वाया जाते. त्या विजेवर रॉड लावणे म्हणजे तीन भाग उष्णता जाळून एक भाग परत मिळवणे. हीट पंप तो तोटा भरून काढतो. आणि दुपारी तर साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरच्या १२५ मेगावॉट प्रकल्पासारख्या ठिकाणांहून सौर वीज येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावर तीन किलोवॉटपर्यंतच्या संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. दुपारी छतावर तयार होणारी वीज दुपारीच पाण्यात साठवणे हा तिचा उत्तम उपयोग ठरतो.

धुराची किंमत

ही आकडेमोड घरातल्या विजेच्या बिलापुरती नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. भारतात २०१९ मध्ये हा आकडा सुमारे सहा लाख होता. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात दाखवून दिले, की जगात धूम्रपान करणारे शंभर कोटींच्या आसपास आहेत, तर चुलीच्या धुरात श्वास घेणारे तीनशे कोटी. कधीही बिडी न ओढलेल्या बाईला ‘सीओपीडी’ हा फुप्फुसाचा कायमचा आजार कसा होतो, याचे उत्तर तिथे आहे.

उज्ज्वला योजनेने २०१६ पासून स्वयंपाकघरात सिलिंडर पोहोचवला, हे मोठे काम झाले. पण सिलिंडर महाग वाटू लागला की घरातली बाई तो भाजी-भाकरीसाठी राखते आणि पाणी तापवण्याचे काम पुन्हा बंबाकडे जाते. सर्वेक्षणात ‘स्वयंपाकाचे मुख्य इंधन कोणते’ असे विचारले जाते, न्हाणीघराबद्दल फारसे कोणी विचारत नाही. त्यामुळे कागदावर धूरमुक्त झालेल्या घराच्या अंगणातही पहाटे धूर दिसतो.

गॅस गिझरचा धोका वेगळा. खिडकी नसलेल्या छोट्या न्हाणीघरात गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो, आकडा ९८ दाखवतो आणि रुग्ण गुदमरत असतो. म्हणून गिझर न्हाणीघराबाहेरच असावा. आत कोणी बेशुद्ध पडले तर आधी दार-खिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा, रुग्णाला मोकळ्या हवेत न्यावे आणि रुग्णालयात पोहोचताच ‘गिझर चालू होता’ हे डॉक्टरांना सांगावे. शुद्ध प्राणवायू दिला की हा विषारी वायू रक्तातून कितीतरी लवकर निघून जातो.

बाजेखालच्या शेगडीचेही तसेच. बाळंतिणीला शेक द्यावा, बाळाला ऊब मिळावी, हा हेतू योग्य आहे. पण बंद खोलीत निखाऱ्यांचा धूर आणि तोच कार्बन मोनॉक्साइड बाळाच्या कोवळ्या फुप्फुसात जातो. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालण्याची कांगारू पद्धत शेगडीपेक्षा सुरक्षित आहे, तिला एक पैसाही लागत नाही. जन्मल्यावर पहिले चोवीस तास आंघोळ टाळावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही त्यासाठीच आहे.

मग खान्देशने करावे काय?

ध्वनीचा पंप बाजारात येण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. ज्या घराला मोकळी गच्ची आहे, त्याच्यासाठी सौर बंब हाच पहिला पर्याय. हिवाळ्यात खान्देशचे आकाश बहुतेक दिवस निरभ्र असते. बोअरचे पाणी जड असल्याने नळ्यांत क्षार साचतात, तेव्हा वर्षातून एकदा सफाई हवी. गच्ची नसलेल्या सदनिकांना एकत्रित हीट पंप परवडू शकतो. एकट्या घराला त्याची किंमत गिझरच्या कितीतरी पट पडते, हे खरे.

म्हणून सरकारी पैसा आधी जावा तो एकत्र गरम पाणी लागणाऱ्या ठिकाणी. सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळा, शासकीय वसतिगृहे, ग्रामीण रुग्णालयांचे प्रसूती विभाग, जळगाव आणि धुळ्याची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये. आश्रमशाळेतल्या पोरांना जानेवारीत गार पाण्याने आंघोळ करावी लागली की ती आंघोळच टाळतात, आणि मग खरूज-नायटा वसतिगृहभर फिरतो. अशा ठिकाणी यंत्र बसवण्याच्या निविदेतच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम धरली पाहिजे. टाकी बसते, उद्घाटन होते, एक व्हॉल्व्ह बिघडतो आणि बंब पुन्हा पेटतो, हा अनुभव नवा नाही. टाकीतले पाणी ६० अंशांवर ठेवावे, म्हणजे त्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढत नाहीत. पण ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत त्वचा भाजते. त्यामुळे नळापाशी गार पाणी मिसळणारी व्यवस्था हवीच.

ध्वनीच्या पंपाला खान्देशात काम मिळेल ते बहुधा न्हाणीघराच्या बाहेर. कांदा निर्जलीकरण, दोंडाईचाची मिरची वाळवणे, डाळ आणि तेलाच्या गिरण्या यांना भरपूर उष्णता लागते आणि बॉयलरच्या धुरांड्यातून ती वायाही जाते. वाया जाणाऱ्या उष्णतेवरच आवाज निर्माण करायचा आणि त्या आवाजाने उरलेली उष्णता वर चढवून पुन्हा वापरायची, हे या तंत्राला जमू शकते. जिथे तापमानाचा फरक मोठा, तिथे त्याची किंमत वसूल होण्याची शक्यता अधिक. नेदरलँड्समधील पेटन येथील संशोधन संस्थेने कारखान्यांसाठी याच दिशेने काम केले आहे. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर तो आपल्याच औद्योगिक वसाहतीत आहे.

नवे तंत्र आले की त्याला एकच प्रश्न विचारावा: यामुळे पहाटे बंबापाशी बसणाऱ्या बाईच्या छातीत जाणारा धूर किती कमी होईल? आज त्याचे उत्तर सौर बंब, साधा हीट पंप, न्हाणीघराबाहेर लावलेला गिझर आणि आईच्या छातीची ऊब यांच्याकडे आहे. हिवाळा सुरू होण्यापूर्वी, दसरा-दिवाळीची साफसफाई करतानाच प्रत्येक घराने आपले पाणी कशावर तापते ते एकदा पाहून घ्यावे. गिझर आत असेल तर बाहेर काढावा, रॉडचे बटण बंद करून पिन काढल्याशिवाय बादलीला हात लावू नये, आणि बाजेखालची शेगडी या वर्षी बाहेरच ठेवावी.